ती ‘करलं’ म्हणते, ते वहीत लिहून ठेवा

ताई,
माझी मुलगी तीन वर्षं चार महिन्यांची आहे, घरात आम्ही तिला चिऊ म्हणतो. आम्ही नाशिकला राहतो. सासूबाई धुळ्याकडच्या, त्या अहिराणी बोलतात. चिऊ बोलायला लवकर लागली, पण आता ती मागे चाललीय असं वाटतं. दिवाळीपर्यंत ‘मी केलं’ असं नीट म्हणायची, आता ‘मी करलं’ म्हणते. परवा म्हणाली, ‘आई, मी सगळं करलं, घोडाला पण पाणी दिलं.’ काकाला ‘टाटा’ म्हणते. काल झालेली गोष्ट ‘उद्या’ झाली म्हणून सांगते. आजीजवळ ‘मनी बाहुली’, माझ्याजवळ ‘माझी बाहुली’, आणि मध्येच ‘टीचर, वॉटर पाहिजे’. तिच्या प्लेग्रुपमध्ये सांगितलं की घरात फार भाषा आहेत म्हणून ती गोंधळलीय, एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी. तेव्हापासून मी तिची प्रत्येक चूक थांबवून तिच्याकडून बरोबर वदवून घेते. सासूबाईंनाही अहिराणी बोलू नका म्हणून सांगितलं. आता त्या तिच्याशी फारशा बोलतच नाहीत, आणि चिऊही माझ्याशी कमी बोलायला लागलीय. माझं काय चुकतंय?
– एक आई, नाशिक

चिऊच्या आईला,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी कागदावर मोठं लिहून समोर ठेवलंय: ‘आई, मी सगळं करलं, घोडाला पण पाणी दिलं.’ तुम्हाला त्यात दोन चुका दिसल्या. मी तीसेक वर्षं बालवाडीत मुलांचं बोलणं ऐकत आले. मला त्या वाक्यात काय दिसतं ते आधी सांगते.

‘करलं’ हा शब्द चिऊने ऐकला कुणाकडून? तुम्ही असं म्हणत नाही, तिचे बाबा म्हणत नाहीत. तिने तो स्वतः घडवलाय. पड – पडलं, बस – बसलं, भर – भरलं, धर – धरलं. दिवसभर तिच्या कानावर हे पडतं. त्यातून कुणी न शिकवता तिच्या ध्यानात आलं की काम होऊन गेलं की शब्दाला ‘लं’ लागतो. मग भर – भरलं, धर – धरलं, तर कर – करलं. तिचा हिशेब चोख आहे. आपल्या मराठीतच ‘कर’चं ‘केलं’, ‘जा’चं ‘गेलं’, ‘ये’चं ‘आलं’ आणि ‘घे’चं ‘घेतलं’ होतं, ते तिने एकेक करून पाठ करायचं आहे. नियम तिला कळलाय, अपवाद अजून जमायचे आहेत.

आता तुमची खरी काळजी. आधी नीट म्हणायची, आता चुकते, म्हणजे ती मागे चालली का? उलट आहे. दिवाळीपर्यंत ‘केलं’ हा तिच्यासाठी एक अखंड शब्द होता, ‘टाटा-बाय-बाय’ म्हणतात तसा, ऐकलेला आणि तसाच उचललेला. त्याचा ‘कर’शी काही संबंध आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. मधल्या दिवसांत तिने शब्द उघडून आतले भाग पाहिले. भाग दिसले, तशी ती ते जोडायला लागली, आणि जोडताना ‘करलं’ झालं. थोड्या महिन्यांनी ‘केलं’ परत येईल, पण तेव्हा ते कळून आलेलं असेल. बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर, असा हा रस्ता जगभरातल्या मुलांमध्ये दिसतो. गंमत बघा, त्याच वाक्यात ‘पाणी दिलं’ तिने बिनचूक म्हटलंय. नियमाने गेली असती तर ‘देलं’ झालं असतं. एक अपवाद तिच्या पदरात पडलेला आहे.

मुलं नुसती नक्कल करतात की नियम काढतात, हे जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने १९५८ साली फार सुंदर रीतीने दाखवलं. तिने एका पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र काढलं आणि त्याला ‘वग’ असं कुठेच नसलेलं नाव दिलं. मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवून मुलांना विचारलं, आता हे दोन काय आहेत? हा शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता. तरी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे त्यांनी अनेकवचन करून दिलं.

हे तुम्ही आज संध्याकाळी घरी करून बघा. पाटीवर एक वाटोळा, तीन पायांचा प्राणी काढा. चिऊला सांगा, ‘हा गोंबा.’ शेजारी आणखी एक काढा. ‘आता हे दोन...?’ आणि थांबा. बहुतेक ती ‘गोंबे’ म्हणेल. मग विचारा, ‘याला भूक लागलीय. खाऊ कुणाला देऊया?’ ती ‘गोंबाला’ म्हणेल किंवा ‘गोंब्याला’ म्हणेल. काहीही म्हणाली तरी तुम्ही दुरुस्त करू नका, फक्त ऐका, कारण तुमच्या वाक्यातल्या दुसऱ्या ‘चुकी’चं उत्तर तिथे आहे.

‘घोडाला’. आपण ‘घोड्याला’ म्हणतो. विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी ‘घोडा’चा ‘घोड्या’ होतो, शाळेत त्याला सामान्यरूप म्हणून शिकलो होतो, आठवतंय? परदेशात जन्मलेल्या मोठ्या माणसांना मराठी शिकताना याच गोष्टीने घाम फुटतो. पण चिऊने काय केलंय बघा. तुम्ही ‘घोड्याला’ म्हणता तेव्हा ‘घोड्या’ आणि ‘ला’ यांच्यामध्ये श्वासाचीसुद्धा फट नसते. तरी तिने ‘ला’ वेगळा काढला. ज्याला काही द्यायचं त्याच्या नावाला हा ‘ला’ लावायचा, हे ओळखलं, आणि आपल्या लाकडी घोड्याला लावून टाकला. ‘या’ यायचा राहिलाय, तो येईल.

आणि एक गोष्ट त्या वाक्यात आहे, जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही कारण ती बरोबर आहे. काम करणारी चिऊ, मुलगी. पण ती ‘करली’ म्हणाली नाही, ‘करलं’ म्हणाली, कारण ‘सगळं’. ‘दिलं’ म्हणाली, कारण ‘पाणी’. मराठीत ‘मी पोळी खाते’ म्हणताना क्रियापद खाणाऱ्याकडे बघतं आणि ‘मी पोळी खाल्ली, लाडू खाल्ला’ म्हणताना खाल्लेल्या वस्तूकडे. सव्वातीन वर्षांचं मूल हे पेलतं. मला आजही दरवेळी अंगावर काटा येतो.

आता ‘टाटा’. ‘क’ म्हणताना जीभ मागे, घशाजवळ टेकते. बाहेरून काही दिसत नाही. ‘त’, ‘ट’ पुढे होतात, ते सोपे. म्हणून ‘काका’चा ‘टाटा’ आणि ‘गाडी’ची ‘डाडी’ होते. कानात मात्र फरक पक्का असतो. तिला मुद्दाम म्हणून बघा, ‘टाटा आले का गं?’ बरीच मुलं चिडून सांगतात, ‘टाटा नाही, टाटा!’ आपल्या तोंडून तेच निघतंय हे त्यांना जाणवत नाही, पण तुमच्या तोंडून निघालेलं चुकीचं आहे हे नक्की कळतं. कान पुढे गेलेले असतात, जीभ मागून येते.

या कानांची तयारी पाळण्यातच सुरू होते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना येईनासा झाला होता, कारण त्यांच्या घरात त्याचा उपयोग नव्हता. म्हणजे पहिला शब्द बोलायच्या आतच बाळ घरातली भाषा कानाने निवडून ठेवतं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो आणि दोन तऱ्हांनी बोलतो. तुमच्या चिऊला अक्षर माहीत नाही, पण हा भेद तिला विचारून बघा.

‘क’ बहुतेक मुलांना साडेतीन-चारच्या सुमारास सापडतो. ‘र’ आणि ‘ळ’ आणखी उशिरा. त्यासाठी तिच्याकडून घोकून घेऊ नका, आणि हे मी पोळल्यामुळे सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणायचा. मी त्याला रोज समोर उभं करून ‘ळ म्हण, ळ’ करायचे. मला वाटायचं मी फार मन लावून शिकवतेय. आठवड्याभराने खाऊच्या वेळी त्याने केळं मागितलं, ते बोट दाखवून. ‘ते दे.’ दुसऱ्या दिवशी फळ्याकडे बोट, ‘ते’. ज्या शब्दात ‘ळ’ आहे तो शब्दच त्याने टाकून दिला होता. पुढे पुढे तो ‘ते’ आणि ‘हे’ यांवरच दिवस काढायला लागला. त्याचा ‘ळ’ वर्षभराने आपोआप आला, पण तोपर्यंत माझ्याशी आपणहून बोलणं त्याने सोडलं होतं. तुमच्या पत्रातलं ‘चिऊही माझ्याशी कमी बोलायला लागलीय’ हे वाक्य वाचून मला त्याचं ते बोट आठवलं.

काल आणि उद्या यांची अदलाबदल तर चिंतेची बाबच नाही. वस्तूला नाव चिकटवणं सोपं, ती समोर असते. ‘काल’ कुठे दाखवता येतो? त्यातून काल जो ‘उद्या’ होता तो आज ‘आज’ असतो. आपल्या ‘परवा’ला तर दोन्ही बाजू आहेत, परवा गेलो होतो आणि परवा जाणार आहे. आपण कोणता परवा हे क्रियापदावरून ओळखतो. चिऊ ‘उद्या आजीकडे गेलो होतो’ म्हणाली तर तिच्या ‘होतो’वर भरवसा ठेवा, ते झालेलंच आहे. (मुलगी असून ‘गेलो’ म्हणाली तरी दचकू नका. ‘मी’ हा शब्द स्त्री-पुरुष सांगत नाही, आणि मूल जवळच्या माणसासारखं बोलतं. बाबांची किंवा दादाची पाठ न सोडणाऱ्या कित्येक मुली काही दिवस ‘मी जातो’ म्हणतात. कोल्हापूरकडे तर मोठ्या बायकाही ‘मी आलो’ म्हणतात आणि त्यात काही चुकत नाही.)

पत्रातल्या ज्या गोष्टीने मला सगळ्यात वाईट वाटलं, ती आता. आजीजवळ ‘मनी बाहुली’ आणि तुमच्याजवळ ‘माझी बाहुली’ यालाच प्लेग्रुपमध्ये गोंधळ म्हटलं गेलं. गोंधळ असता तर ती कुणाजवळही काहीही म्हणाली असती. तुम्हीच लिहिलंय की ती आजीजवळ एक म्हणते आणि तुमच्याजवळ दुसरं. समोर कोण आहे ते पाहून ती शब्द निवडते. भाषेत नुसते ध्वनी, शब्द आणि वाक्यं येत नाहीत, कुणाशी काय आणि कसं बोलायचं हेही येतं. आईला ‘अगं’, पाहुण्यांना ‘या, बसा’. निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणायचं. फोनवर कुणी ‘बाबा आहेत का?’ विचारलं तर नुसतं ‘हो’ म्हणून उभं राहायचं नसतं, बाबांना हाक मारायची असते. हा भाग सगळ्यात उशिरा आणि माणसांतच शिकला जातो. चिऊने त्यातला अवघड धडा तिसऱ्या वर्षीच गिरवलाय, आणि तो तिला सासूबाईंमुळे मिळालाय.

‘टीचर, वॉटर पाहिजे’ हेही तसंच. तिथे ‘वॉटर’ ऐकलं, ते वापरलं, आणि वाक्य मात्र मराठीच्या साच्यात बसवलं. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं अशी सरमिसळ करतात आणि पुढे आपोआप वेगळी करतात. घरात एकाहून जास्त भाषा असल्यामुळे मुलाला भाषेचा विकार होतो, हे खरं नाही. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे असतात. फक्त इंग्रजी मोजली तर चिऊ गरीब दिसेल, आणि तिथे तेवढंच मोजलं गेलं असावं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा शिकण्याचं माध्यम असावं, असं म्हटलंय. पुढच्या वेळी बाईंशी बोलताना हे शांतपणे सांगा. त्यांनीही चांगल्या हेतूनेच सांगितलं असेल.

सासूबाईंशी मात्र आजच बोला. ‘आई, मी सांगितलं ते चुकलं, तुम्ही तिच्याशी तुमच्याच बोलीत बोला,’ एवढं पुरे. हे म्हणणं जड जाईल, मला माहीत आहे. पण ज्या बाईला नातीशी स्वतःच्या बोलीत बोलायची मनाई झाली, तिने गप्प होण्याशिवाय काय करावं? घाटावरची गोष्ट, शेतातली गोष्ट, रागावणं, लाड करणं, हे सगळं त्यांना ज्या शब्दांत येतं त्याच शब्दांत जिवंत येतं. परक्या भाषेत त्या चिऊला फक्त ‘कम’ आणि ‘ईट’ म्हणू शकतील.

आणि तुमच्याकडून काय हवं? सुधारणं थांबवा, बोलणं वाढवा. चिऊ म्हणाली, ‘मी करलं,’ तर ‘केलं म्हण’ असं सांगू नका. म्हणा, ‘तू केलंस? एकटीने? काय काय केलंस?’ बरोबर रूप तिच्या कानावर पडलं आणि तिची गोष्टही पुढे गेली. तिने ते तसंच म्हणावं म्हणून वाट बघत बसू नका. ‘घोडाला पाणी दिलं’ म्हणाली, तर ‘घोड्याला तहान लागली होती वाटतं. किती प्याला घोडा?’ यात तुमचा एक मिनिटसुद्धा जास्त जात नाही.

तपासणीचे प्रश्न कमी करा. ‘हा कोणता रंग? हे काय आहे?’ उत्तर तुम्हाला माहीत असतं आणि ते तिलाही कळतं. संध्याकाळी मेथी निवडायला तिला शेजारी बसवा. जुडी सोडायची, कोवळी पानं इकडे, निब्बर देठ तिकडे, माती झटकायची, पिवळं पडलेलं टाकायचं. एका जुडीत किती शब्द आहेत बघा, आणि प्रत्येक शब्द हाताला लागतोय. तिने काही विचारलं किंवा सांगायला सुरुवात केली की मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा आणि मगच बोला. लहान मुलाला वाक्य जुळवायला वेळ लागतो, आपण मध्येच शब्द पुरवतो आणि वाक्य तुटतं. मोबाईलवरच्या इंग्रजी कविता तिला पाठ होतील, पण मोबाईल तिच्या ‘करलं’ला ‘काय केलंस?’ असं विचारत नाही.

काळजी केव्हा करायची तेही सांगून ठेवते, कारण ‘होईल आपोआप’ म्हणत वेळ घालवलेली घरंही मी पाहिली आहेत. वर्षाचं मूल ‘बाबाबा, दादादा’ करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षं पूर्ण झाली तरी दोन शब्द स्वतः जोडत नसेल, तीन वर्षांनंतरही बाहेरच्या माणसाला त्याचं बहुतेक बोलणं कळत नसेल, किंवा कोणत्याही वयात आलेलं बोलणं जात असेल, तर थांबू नका. सगळ्यात आधी कान तपासा. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी मुलाला अर्धवट ऐकू येतं आणि बोलणं अडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या अशा अडचणींची तपासणी मोफत होते, आपल्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात त्याची चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे याच कामासाठी तयार झालेली माणसं भेटतात.

तुमच्या पत्रावरून चिऊला यातलं काही लागू दिसत नाही. ती कमी बोलते ती तुमच्यापाशी, आणि तुम्ही सुधारायला लागल्यापासून. टोकणं बंद करून दोन महिने झाले आणि तरी बोलणं परत आलं नाही, किंवा चार वर्षं उलटून गेली तरी ‘काका’चा ‘टाटा’च राहिला, तर मग एकदा कान आणि वाचा, दोन्ही दाखवून घ्या.

एक वही करा. चिऊ जे जे नवं घडवून बोलेल ते तारीख घालून तसंच्या तसं लिहा, ‘करलं’, ‘घोडाला’, सगळं. हे शब्द फार दिवस राहत नाहीत. माझ्या मुलाचे मी लिहिले नाहीत, आणि आज त्यातले दोनच आठवतात.

गोंब्याचं काय झालं ते मला नक्की कळवा. सासूबाईंनाही तेव्हा जवळ बसवून घ्या आणि त्यांना विचारा, अहिराणीत दोन असतील तर काय म्हणायचं. त्यांचं उत्तरही मला हवंय.